सफोकची टोनी, अम्मानच्या राजकुमारी मुना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्डनच्या राजकुमारी मुना यांच्यावर मी पहिल्यांदा लिहिलं ते नर्सिंगच्या निमित्ताने. मी आयुष्यभर सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, म्हणून मुली घडवल्या, त्यामुळे माझं लक्ष त्यांच्या मुकुटापेक्षा त्यांच्या नर्सिंग कॉलेजकडे होतं. वाचकांचे प्रश्न मात्र लग्न, धर्म, गादी आणि घटस्फोट यांबद्दलच जास्त येतात, आणि तेच ते येतात. म्हणून ही सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राजकुमारी मुना म्हणजे नक्की कोण?

जॉर्डनचे सध्याचे राजे दुसरे अब्दुल्ला यांच्या त्या आई. जन्माचं नाव अँटोइनेट एव्हरिल गार्डिनर, घरातलं नाव टोनी. २५ एप्रिल १९४१ रोजी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, चेल्मंडिस्टन नावाच्या गावात त्यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश लष्करात लेफ्टनंट कर्नल. त्यांच्या बदल्यांमुळे टोनींचं थोडं शिक्षण मलायात झालं, आणि वडिलांच्या नेमणुकीमुळेच त्या अम्मानला आल्या. २५ मे १९६१ रोजी राजे हुसेन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तेव्हा त्या २० वर्षांच्या होत्या आणि हुसेन २५ वर्षांचे.

२. राजे हुसेन यांना चार बायका होत्या म्हणे. मग मुना सवतींबरोबर राहायच्या का?

नाही. लग्नं चार झाली, पण एकामागून एक. पहिल्या दीना, १९५५ मध्ये. त्या स्वतः हाशमी, म्हणजे जॉर्डनच्या राजघराण्याच्याच, वंशातल्या. दोन वर्षांत ते लग्न मोडलं. दुसऱ्या मुना. तिसऱ्या आलिया तौकान, डिसेंबर १९७२ मध्ये. फेब्रुवारी १९७७ मध्ये हेलिकॉप्टर कोसळून त्या गेल्या. चौथ्या नूर, १९७८ मध्ये, आणि त्या हुसेन यांच्या मृत्यूपर्यंत सोबत होत्या. या चार लग्नांची मिळून ११ मुलं, शिवाय एक दत्तक मुलगी.

३. दोघांची भेट 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'च्या शूटिंगवर झाली, हे खरं ना?

ही गोष्ट मराठीतही इतक्या वेळा छापून आली आहे की तिच्यावर शंका घेतली तरी लोक नाराज होतात. पण तारखा बघा. जॉर्डनच्या वाळवंटात त्या चित्रपटाचं चित्रीकरण मे १९६१ च्या मध्यावर सुरू झालं. साखरपुड्याची घोषणा त्याआधीच, मे महिन्याच्या सुरुवातीला झाली होती आणि २५ मेला लग्न. म्हणजे कॅमेरे लागले तेव्हा लग्नाची तयारी चालू होती! हुसेन यांनी त्या चित्रपटाला सैनिकांपासून सगळी मदत केली आणि ते सेटवरही जात, त्यावरून पुढे ही कथा रचली गेली असावी. टोनींचे वडील अम्मानमध्ये नोकरीला होते आणि तिथलं परदेशी लोकांचं वर्तुळ तेव्हा अगदी लहान होतं. भेट व्हायला तेवढं पुरेसं होतं.

४. एका अरब राजाने इंग्रज मुलीशी लग्न केलं, तेव्हा लोकांनी विरोध केला नाही?

काळजी सगळ्यांनाच वाटली, अगदी ब्रिटिश सरकारलाही. का, ते कळायला आधीची पाच-सहा वर्षं बघावी लागतात.

जॉर्डनच्या सैन्याचा प्रमुख १९५६ पर्यंत ग्लब पाशा नावाचा इंग्रजच होता. मार्च १९५६ मध्ये तरुण हुसेन यांनी त्याला तडकाफडकी काढून टाकलं, आणि रस्त्यावर लोकांनी आनंद साजरा केला. त्याच वर्षी सुएझचं युद्ध झालं आणि ब्रिटन अरब जगाच्या मनातून पार उतरलं. १४ जुलै १९५८ रोजी बगदादमध्ये सैन्याने उठाव केला. हुसेन यांचे चुलतभाऊ, इराकचे राजे दुसरे फैसल, यांना कुटुंबासह राजवाड्याच्या आवारात गोळ्या घातल्या गेल्या. हाशमी घराण्याची एक गादी एका सकाळीच संपली. त्यानंतर हुसेन यांना आपलं सिंहासन टिकवायला ब्रिटिश छत्रीधारी सैनिक अम्मानमध्ये बोलवावे लागले. ऑगस्ट १९६० मध्ये पंतप्रधान हज्जा अल-मजाली त्यांच्या कचेरीतच बॉम्बस्फोटात मारले गेले. या घटनेला वर्षही झालं नव्हतं, तोवर हे लग्न ठरलं.

म्हणजे 'इंग्रजांचा माणूस' हा शिक्का ज्या राजाला जिवावर बेतणारा होता, त्यानेच इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची मुलगी पसंत केली. कैरोच्या रेडिओवरून हुसेन यांच्यावर रोज आग ओकली जात होती, त्या विरोधकांच्या हाती हे आयतंच कोलीत होतं. तरीही हुसेन ठाम राहिले. लग्न अम्मानच्या जहरान राजवाड्यात झालं. मला या सगळ्यात त्या २० वर्षांच्या मुलीच्या धैर्याचं नवल वाटतं. कारण जिथे ती सून म्हणून जात होती, त्या घरातला जवळजवळ प्रत्येक पुरुष मारेकऱ्यांच्या यादीत होता. हुसेन यांच्या आजोबांना १९५१ मध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा १५ वर्षांचे हुसेन त्यांच्या शेजारी उभे होते.

५. अशा लग्नात मुलीला मुसलमान व्हावंच लागतं का?

लग्नापुरतं म्हणाल तर नाही. मुसलमान पुरुषाला ख्रिस्ती किंवा ज्यू स्त्रीशी, तिने धर्म न बदलता, निकाह लावता येतो. पारंपरिक इस्लामी कायद्यात ही मुभा आहे. (उलट बाजूचा नियम वेगळा, तो प्रश्न १७ मध्ये.) पण इथे प्रश्न गादीचा होता. जॉर्डनच्या १९५२ च्या राज्यघटनेतलं २८ वं कलम सांगतं की राजा मुसलमान, मानसिकदृष्ट्या सक्षम, कायदेशीर पत्नीच्या पोटी जन्मलेला आणि मुसलमान आई-वडिलांचा असला पाहिजे. आई-वडील, दोघंही. म्हणून टोनींचं धर्मांतर हा घरगुती मामला नव्हता. त्या ख्रिस्ती राहिल्या असत्या तर त्यांच्या मुलाचा राजगादीवरचा हक्क जन्मतःच गेला असता. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि मुना अल-हुसेन हे नाव घेतलं.

६. दीना, आलिया, नूर तिघी राणी झाल्या. मग मुना फक्त 'राजकुमारी' का?

प्रश्न ४ मध्ये त्या काळाची हवा सांगितली आहे, तिच्यातच याचं उत्तर आहे. इंग्रज स्त्रीला 'जॉर्डनची राणी' म्हणून लोकांपुढे उभं करणं म्हणजे विरोधकांना रोजचा विषय पुरवणं. त्यामुळे त्यांना 'हर रॉयल हायनेस' आणि राजकुमारी एवढाच मान मिळाला. राणी ही पदवी जॉर्डनमध्ये लग्नाबरोबर आपोआप मिळत नाही, ती राजा देतो. अब्दुल्ला यांच्या पत्नी रानिया यांनाही हा मान गादीवर बसण्याच्या दिवशी मिळाला नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये अब्दुल्ला राजे झाले आणि मार्चमध्ये रानियांना राणी घोषित केलं गेलं.

७. निदान आता तरी त्यांना 'राजमाता' म्हणतात का? मराठी पेपरात तसं वाचलं होतं.

आपल्याकडे राजाची आई म्हणजे राजमाता, हे तोंडात बसलेलं आहे, त्यामुळे बातमीदार सहज लिहून जातात. प्रत्यक्षात त्या १९६१ मध्ये राजकुमारी मुना होत्या आणि आजही तेवढ्याच आहेत. परिणामी जॉर्डनमध्ये चमत्कारिक वाटावी अशी मांडणी आहे : राजाची पत्नी राणी, राजाची सावत्र आई नूर याही राणी, आणि राजाची सख्खी आई राजकुमारी.

८. आई इंग्रज असूनही मुलगा राजा कसा झाला?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि लोकांना वाटतं तेवढं उत्तर सरळ नाही.

पहिली गोष्ट वंशाची. हाशमी घराणं आपली वंशावळ थेट पैगंबरांपर्यंत नेतं, आणि ही परंपरा बापाकडून मुलाकडे जाते. त्यामुळे आई कुठली, याने वंश तुटत नाही. घटनेची अट धर्माची आहे आणि ती पूर्ण झाली होती (प्रश्न ५).

दुसरी गोष्ट राजकारणाची, आणि इथे कथा दोनदा उलटी फिरली. ३० जानेवारी १९६२ रोजी अब्दुल्ला जन्मले आणि जन्मल्याबरोबर युवराज झाले. पण हुसेन यांच्या जिवावर इतके हल्ले होत होते की उद्या काही झालं तर तीन वर्षांच्या मुलाच्या नावाने कारभार कोण चालवणार, हा प्रश्न उभा राहिला. घटनेत बदल करून राजाला भावाला वारस नेमण्याची सोय झाली, आणि १ एप्रिल १९६५ रोजी हुसेन यांनी धाकटे भाऊ हसन यांना युवराज केलं. मुना यांचा मुलगा मागे पडला. पुढची ३४ वर्षं हसन हेच भावी राजे, असं सगळं जग धरून चाललं होतं.

अब्दुल्ला त्या काळात सैनिक म्हणून वाढले. इंग्लंड-अमेरिकेतल्या निवासी शाळा, मग सँडहर्स्टची लष्करी अकादमी, मग जॉर्डनच्या सैन्यात रणगाडे आणि पुढे विशेष दलांचं नेतृत्व. कर्करोगाने खंगलेले हुसेन जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या उपचारांनंतर मायदेशी आले, त्यांनी भावाला लांबलचक पत्र लिहून युवराजपदावरून दूर केलं आणि अब्दुल्ला यांचं नाव जाहीर केलं. दोन आठवडेही झाले नाहीत तोच, ७ फेब्रुवारीला, हुसेन गेले.

सुरुवातीला अब्दुल्ला यांच्या अरबीवर टीका झाली, इंग्रजी जास्त सफाईदार आहे असं लोक म्हणायचे. पण सैन्य पाठीशी होतं. शिवाय जॉर्डनमध्ये पॅलेस्टिनी मुळाचे लोक प्रचंड संख्येने आहेत, आणि रानिया त्याच समाजातल्या, हेही उपयोगी पडलं.

९. आपल्या होळकरांच्या घराण्यातही परदेशी सुना आल्या होत्या. मग तिथे असं का झालं नाही?

इंदूरचा विषय काढणारी पत्रं मला फार आवडतात. तुलना खरोखर बोधक आहे, फक्त तिथल्या सुना अमेरिकन होत्या.

तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १९२८ मध्ये सिॲटलच्या नॅन्सी ॲन मिलर यांच्याशी लग्न केलं. डॉ. कुर्तकोटी शंकराचार्यांनी त्यांना हिंदू धर्मात घेतलं आणि त्या शर्मिष्ठाबाई झाल्या. पण तुकोजीरावांनी १९२६ मध्येच गादी सोडली होती, त्यामुळे त्या लग्नातून वारसाचा पेच आला नाही. पेच आला तो त्यांचे पुत्र यशवंतराव यांच्या वेळी. त्यांच्या पहिल्या पत्नी संयोगिताबाईंची मुलगी उषाराजे; आणि पुढे एका अमेरिकन पत्नीपासून झालेला मुलगा रिचर्ड, म्हणजे शिवाजीराव. मुलगा असूनही आई परदेशी म्हणून त्याला वारस मानलं गेलं नाही. १९६१ च्या डिसेंबरात यशवंतराव गेले आणि वारसा उषाराजेंकडे गेला.

वर्ष बघा, १९६१. त्याच वर्षी मेमध्ये अम्मानला टोनी गार्डिनर यांचं लग्न झालं होतं. दोन्ही सुनांची मुळं परदेशी. फरक नियम ठरवणाऱ्यांत होता. हिंदुस्थानी संस्थानिकांच्या युरोपीय किंवा अमेरिकन पत्नींच्या मुलांना वारस मानायचं नाही, हे इंग्रजांचं जुनं धोरण. तमिळ मुलखातल्या पुदुकोट्टैच्या राजालाही ऑस्ट्रेलियन पत्नीच्या मुलासाठी ते भोवलं होतं. जॉर्डनमध्ये घटना राजाच्याच हातची होती आणि तिने आईचं रक्त विचारलं नाही, धर्म विचारला. एका घरात मुलगा बाजूला आणि मुलगी गादीची मालकीण. दुसऱ्या घरात मुलगा राजा, पण मुलींना गादीचा हक्कच नाही. कोणता नियम अधिक न्याय्य, यावर मला अजूनही निवाडा देता येत नाही.

१०. घटस्फोटानंतर त्या इंग्लंडला परत का गेल्या नाहीत?

लग्न दहा-अकरा वर्षं टिकलं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संपलं. तेव्हा त्यांची चार मुलं जॉर्डनच्या राजघराण्यातली होती, धाकट्या जुळ्या मुली तर तीन-चार वर्षांच्या. राजकुमारी ही पदवी त्यांच्याकडे राहिली आणि घरही जॉर्डनमध्येच राहिलं. त्यांनी कधी मुलाखतींमधून घरातलं काही बाहेर काढलं नाही, जुने हिशेब मांडणारं पुस्तक लिहिलं नाही. लोक या शांतपणाला दुबळेपणा म्हणतात, ते मला पटत नाही. जिचा नवरा दुसरं लग्न करून त्याच शहरात राज्य करतो आहे, तिने त्याच शहरात मान राखून काम करत राहणं, याला ताकद लागते. आणि काम केलं ते किती, हे पुढच्या उत्तरात.

११. त्यांनी नर्सिंगसाठी नेमकं काय केलं? नुसतं नाव दिलं की कामही केलं?

१९६२ मध्ये जॉर्डनच्या लष्करी वैद्यकीय सेवेत मुलींसाठी नर्सिंग कॉलेज सुरू झालं, ते प्रिन्सेस मुना कॉलेज ऑफ नर्सिंग. त्या वेळी अरब जगात चांगल्या घरची मुलगी नर्स होणं, ही कल्पनाच लोकांना झेपत नव्हती.

त्याचा अर्थ मला फार जवळून माहीत आहे. आमच्याकडे जी.एन.एम.च्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) प्रवेशाच्या दिवशी बाप मुलीची पेटी हातात धरून दारात उभा राहायचा आणि फी, जेवण, सुट्ट्या सगळं विचारून झाल्यावर शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, "बाई, पुरुषांच्या वॉर्डात ड्युटी लागते का?" लागते म्हटलं की पेटी घेऊन काही जण तसेच परत फिरायचे. मुलगी मागे वळून बघत जायची. हीच भीती अम्मानमध्ये कितीतरी पटींनी मोठी असणार. अशा वेळी राजघराण्यातल्या बाईचं नाव कॉलेजच्या दारावर असणं ही शोभेची गोष्ट नव्हती. बापाला उत्तर द्यायला तो आधार होता : राजवाडा ज्या कामाला आपलं म्हणतो, ते हलकं कसं?

पुढे काम नावापुरतं राहिलं नाही. विद्यापीठात नर्सिंगची पदवी आली. २००२ मध्ये जॉर्डेनियन नर्सिंग कौन्सिल स्थापन झालं, त्याच्या अध्यक्ष मुना. अभ्यासक्रम, दर्जा, नर्सने पुढे कशात विशेष शिक्षण घ्यायचं, याची चौकट तिथे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्व भूमध्य विभागात परिचर्या आणि प्रसूतिसेवेच्या त्या मानद आश्रयदात्या आहेत. हा विभाग मोरोक्कोपासून पाकिस्तानपर्यंत पसरलेला. भारत मात्र त्या संघटनेच्या दुसऱ्या विभागात, दिल्लीच्या कार्यालयाखाली येतो, म्हणून आमच्या मुलींच्या कानावर हे नाव पडत नाही. मला याची चुटपुट आहे. नर्सिंगच्या इतिहासाच्या तासाला आम्ही नाइटिंगेलबाईंवर थांबतो.

अम्मानच्या दुकानांत भिंतीवर बहुतेक तीन तसबिरी असतात : दिवंगत राजे हुसेन, राजे अब्दुल्ला आणि युवराज हुसेन. आजोबा, वडील, नातू. या तिघांना जोडणारी बाई त्या भिंतीवर मला कुठे दिसली नाही. नर्सिंगच्या वर्तुळात मात्र तिचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे.

१२. त्यांची बाकीची मुलं काय करतात? राजकुमारी हया त्यांचीच ना?

हया त्यांची नाही. ती राणी आलियांची मुलगी, जिचं लग्न पुढे दुबईच्या शासकांशी झालं. मुना यांची मुलं चार : अब्दुल्ला; १९६३ मध्ये जन्मलेले फैसल, जे वैमानिक, हवाई दलात वरच्या पदावर होते आणि जॉर्डनची ऑलिम्पिक समिती सांभाळतात; आणि १९६८ च्या जुळ्या बहिणी झैन आणि आयशा. आयशा सँडहर्स्टला शिकून सैन्यात गेल्या.

१३. अम्मानच्या विमानतळाचं नाव आलिया आणि जुन्या विमान कंपनीचंही आलिया. दोन्ही राणी आलियांमुळेच?

नाही, आणि इथे भलेभले चुकतात. विमान कंपनी १९६३ ची. तिला नाव दिलं ते हुसेन आणि दीना यांच्या मुलीचं, राजकन्या आलियाचं. राणी आलिया तेव्हा घराण्यात आल्याही नव्हत्या. विमानतळाचं नाव मात्र राणीच्या स्मरणार्थ.

१४. राणी नूर याही युरोपियनच ना? या घराण्यात आणखी कोणी युरोपियन सून आहे का?

नूर यांचा जन्म वॉशिंग्टनचा. माहेरचं नाव लिसा हलाबी, वडिलांचं मूळ सीरियातलं, आईकडून स्वीडिश रक्त. म्हणजे अरब-अमेरिकन.

खरी युरोपियन सून हवी असेल तर राजकुमारी माजदा यांच्याकडे बघा. जन्माच्या मार्गारेटा लिंड, स्वीडनच्या. १९६३ मध्ये त्यांनी राजपुत्र राद बिन झैद यांच्याशी लग्न केलं. राद हे हाशमींच्या इराकी शाखेचे. त्यांचे वडील १९५८ मध्ये लंडनला इराकचे राजदूत होते, म्हणून बगदादच्या त्या कत्तलीतून वाचले (प्रश्न ४). माजदा यांनी अम्मानमध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनाचं काम वर्षानुवर्षं केलं. त्यांचे पुत्र झैद राद अल-हुसेन २०१४ ते २०१८ या काळात संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क उच्चायुक्त होते. आपल्याकडे त्यांचं नाव बातम्यांत यायचं, पण त्यांची आई स्वीडिश आहे हे फारसं कोणी लिहिलं नाही.

जॉर्डनबाहेरचं उदाहरण विचाराल तर इजिप्तचे शेवटचे राजे दुसरे फुआद यांनी १९७० च्या दशकात फ्रेंच ज्यू कुटुंबातल्या डॉमिनिक-फ्रान्स पिकार यांच्याशी लग्न केलं. त्यांनी इस्लाम स्वीकारून फदीला हे नाव घेतलं. पण इजिप्तची राजेशाही १९५३ मध्येच संपली होती, त्यामुळे तो मान परागंदा घराण्यापुरताच.

१५. या घराण्यात एक भारतात जन्मलेली सून आहे, ती कोण?

राजकुमारी सर्वत. जुलै १९४७, जन्म कलकत्त्याचा, फाळणीच्या तोंडावर. वडील मोहम्मद इकरामुल्ला पाकिस्तानचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. आणि इकरामुल्लांचे सख्खे भाऊ म्हणजे मोहम्मद हिदायतुल्ला : नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, पुढे भारताचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती. १९६८ मध्ये काका दिल्लीत सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी पुतणीचं कराचीत जॉर्डनच्या युवराजाशी लग्न झालं. ते युवराज म्हणजेच हसन. ३० वर्षं भावी राणी म्हणून वावरल्यावर १९९९ च्या जानेवारीत सर्वत यांची ती वाट बंद झाली (प्रश्न ८). ज्या निर्णयाने मुना राजाच्या आई झाल्या, त्याच निर्णयाने सर्वत राणी व्हायच्या राहिल्या.

१६. राजघराणं सोडा. साध्या घरातल्या भारतीय मुलीने जॉर्डनच्या माणसाशी लग्न केलं तर तिचे हक्क काय?

अशा पत्रांना मी आधी उत्तर देते, कारण त्यामागे खरी मुलगी असते.

नागरिकत्व : बिगर-अरब परदेशी पत्नीला लग्नानंतर पाच वर्षांनी अर्ज करता येतो, अरब देशातली असेल तर तीन वर्षांनी. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे ते घेतलं तर भारतीय पासपोर्ट जाणार. मुलांना वडिलांचं नागरिकत्व मिळतं.

वारसा : धर्म वेगळा असेल तर पती-पत्नी एकमेकांचे वारस ठरत नाहीत. नवऱ्याला मृत्युपत्राने काही देता येतं, पण कमाल एक तृतीयांश मालमत्तेपर्यंत.

मुलांचा ताबा : आई मुसलमान नसेल तर मूल सात वर्षांचं होईपर्यंतच तिच्याकडे राहण्याचा तिचा हक्क. ही अट लग्नाच्या आनंदात कोणीच सांगत नाही.

निकाहनामा : यात अटी घालता येतात, आणि ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. नवरा दुसरं लग्न करणार नाही, राहणं अमुक शहरात, नोकरी चालू राहील, असं लिहून घेतलं आणि ते मोडलं तर तिला न्यायालयात दाद मागता येते. मेहेरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कमही आकड्यात लिहून घ्या, लाजू नका. अरबीत काय लिहिलं आहे ते स्वतःच्या विश्वासातल्या भाषांतरकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि लग्नाआधी अम्मानच्या भारतीय दूतावासात व तिथल्या वकिलाकडे चौकशी करा. कायद्यात दुरुस्त्या होत असतात.

१७. उलट झालं तर? अरब राजघराण्यातल्या मुलीने युरोपियन मुलाशी लग्न केलं तर चालतं का?

चालतं, पण तिथे धर्माची मुभा नाही. मुसलमान स्त्रीचा नवरा मुसलमानच हवा, त्यामुळे मुलाला इस्लाम स्वीकारावा लागतो. ताजं उदाहरण याच घराण्यातलं : राजे हुसेन आणि राणी नूर यांची धाकटी मुलगी राया हिने जुलै २०२० मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराशी इंग्लंडमध्ये लग्न केलं. त्याने आधी इस्लाम स्वीकारला होता. त्या लग्नातून गादीचा प्रश्न येत नाही, कारण जॉर्डनमध्ये वारसा फक्त पुरुषांकडून पुरुषांकडे जातो. जॉर्डनच्या इतर मुलींना मात्र एक अडचण राहतेच : परदेशी नवऱ्यापासून झालेल्या मुलांना त्या आपलं नागरिकत्व देऊ शकत नाहीत. तिथल्या महिला संघटना ही अट बदलावी म्हणून अनेक वर्षं मागणी करत आहेत.